बाजूच्या सीटचे पट्टे

"हात वर करा," तपासनीस बाई म्हणाली.

उघड्या गाडीत बसलेल्या हिरोने हसत हसत दोन्ही हात उचलले. गाड्यांच्या शर्यतीच्या या ट्रॅकवर त्याला सगळे हिरोच म्हणत, आणि त्याला ते मनापासून पटलेलं होतं. हात खांद्यापर्यंत आले आणि हातपट्ट्यांनी अडवले. बरोबर. छत नसलेली गाडी उलटली की हात आपोआप बाहेर फेकले जातात आणि गाडीखाली सापडतात. म्हणून ते पट्ट्यांनी पोटावरच्या बकलाला बांधून ठेवायचे. हिरोचे पट्टे नवेकोरे होते. हेल्मेट नवं, आगीपासून वाचवणारा सूट नवा, डोक्यामागची लोखंडी कमान तर घासूनपुसून लखलखीत. स्वतःच्या जिवाच्या बाबतीत माणूस भलताच काटेकोर होता.

त्याने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? त्याच्या गाडीच्या अपघातानंतर तो इस्पितळात एकदाच आला होता, तोही पोलिसांना जबाब द्यायला, आणि बाकावर रडत बसलेल्या बायकांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिने मात्र त्याला फाटकातून आत शिरतानाच ओळखलं. गाड्या तपासायचं हे काम तिने घेतलंच होतं त्याच्यासाठी. आज ना उद्या त्याला पुन्हा गाडी पळवायची खाज सुटणार आणि तो या रांगेत येऊन थांबणार, हे धरून ती इथे उन्हात उभी राहत आली होती.

ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. बाजूच्या सीटवर त्याची मुलगी बसली होती. कॉलेजातली, पहिल्यांदाच ट्रॅकवर आलेली, उत्साह अंगात मावत नव्हता.

"हात वर कर गं."

मुलीने हात केले ते थेट डोक्यावर, कमानीच्याही वर. पट्टे नुसते शोभेला होते.

"मीच जरा सैल सोडलेत, मॅडम," हिरो म्हणाला. "तिला वळणावर मैत्रिणींना हात करायचाय. बाजूला बसणाऱ्याला काय होतंय?"

बाजूला बसणाऱ्याला काय होतंय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी उलटली तेव्हा तिचा धाकटा भाऊ ह्याच्याच बाजूला बसला होता. जीव वाचला, पण मनगटापासून हात गेला. त्याच्या शर्टाची बटणं आजही आई लावून देते आणि तेवढा वेळ तो भिंतीकडे बघत उभा राहतो.

पास झालेल्या हेल्मेटवर लावायचा हिरवा स्टिकर तिने सोलून अंगठ्यावर घेतलेला होता. तेवढा चिकटवायचा आणि बाजूला व्हायचं. पुढचं ते वळण बघून घेईल. हाताच्या बदल्यात हात. हा विचार तिच्या मनात आला, चांगला ठाण मांडून बसला, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

"तुम्ही नका हो काळजी करू," मुलगी हसून म्हणाली. "मी काही मध्येच पट्टे काढणार नाही. बाबांच्या एका मित्राने मस्तीत काढले होते आणि हात घालवून बसला. बाबा म्हणतात, तसला मूर्खपणा करायचा नाही."

म्हणजे घरीसुद्धा हीच गोष्ट सांगितली जात होती. पोलिसांना सांगितलेली, ट्रॅकभर पसरवलेली.

तिने स्टिकर स्वतःच्या बाहीवर चिकटवला. वाकली, मुलीचे पट्टे आवळले, आणि गरजेपेक्षा जोरात ओढले.

"आई गं! दुखतंय."

"दुखू दे. त्याने पट्टे काढले नव्हते, बाळ. त्याला दिलेच नव्हते. मी त्याची मोठी बहीण."

हिरोच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे बघा ताई," आता मॅडमची ताई झाली, "ते सगळं तेव्हाच मिटलंय. उगाच पोरीसमोर कशाला? आणि तेव्हा कुठे एवढे कडक नियम होते? गाडीत पट्ट्यांची जोडीच एक होती."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. कोणी वळून पाहिलं नाही.

"एकच होती?" मुलीने विचारलं.

"अगं, म्हणजे..."

"मग ती कोणी घातली होती, बाबा?"

हिरो हातमोज्याचं एकेक बोट ओढून नीट करू लागला. एका हाताचं झालं, मग दुसऱ्याचं.

मुलीने बकल दाबलं. सगळे पट्टे एकदम सुटले. ती दारावरून पाय टाकून बाहेर आली, हेल्मेट काढलं आणि काखेत धरून फाटकाकडे चालू लागली.

"अगं, ऐक तरी! थांब!" तिला धरायला त्याने झटक्यात हात लांब केला. तो अर्ध्यावरच अडकला. पट्टे अगदी नियमाप्रमाणे बांधलेले होते.

ती फाटकाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच बसला होता. मग मान वळवून तपासनीस बाईकडे बघत म्हणाला, "झालं समाधान?"

"हो," ती म्हणाली. "झालं."

बाहीवरचा स्टिकर काढून तिने त्याच्या हेल्मेटवर चिकटवला, अंगठ्याने कडा दाबून पक्का केला.

"आता त्या रिकाम्या सीटचे पट्टे बांधून घ्या. सुटे लोंबलेले चालत नाहीत. मग सोडते तुम्हाला."