तिसरा टोला

“काढून टाका ते पान, बाई. कुणाच्या बापाला कळणार आहे?”

चिटणीस बोलून गेले आणि त्यांनी लगेच जीभ चावली. कारण पान बाईंच्या बापाचंच होतं.

प्रदर्शन अकराला उघडायचं होतं आणि दहा कधीच वाजून गेले होते. खाण बंद पडून तीस वर्षं झाली होती. कामगार पाळीवर जाताना जिथून दिवे घ्यायचे, त्या जुन्या दिवाघरात आता खाण इतिहास मंडळ होतं. मंडळ बाईंनी उभं केलेलं. खाणीतली पितळी घंटा भंगारात निघाली तेव्हा त्या टेम्पोपुढे उभ्या राहिल्या होत्या, हलल्या नाहीत. लोक हसले. आता तेच लोक नातवंडांना घेऊन घंटा बघायला यायचे. बाईंना त्याचा अभिमान होता आणि त्या तो लपवतही नसत.

मंडळाचा नियम एकच, तोही बाईंचाच. सापडेल ते मांडायचं, झाकायचं नाही. गेल्या वर्षी चिटणिसांचे सख्खे मामा पाळीवर झोपलेले सापडल्याची नोंद त्यांनी बरोबर डोळ्यांच्या उंचीवर लावली होती. मामी अजून चिटणिसांशी बोलत नव्हत्या.

आता बाईंची पाळी आली होती. काल खोक्यात सापडलेल्या नोंदवहीत लिहिलं होतं : ‘दुपारी चार दहा. मालाची फेरी असता तीन टोले. चुकीचा इशारा. घंटेवाल्यास ताकीद व बदली.’

घंटेवाला म्हणजे बाईंचे वडील. खाणीच्या तळाशी उभं राहून ते घंटेची दोरी ओढायचे. वरचा इंजिनवाला टोले मोजायचा आणि लोखंडी पाळणा वर घ्यायचा. एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे माल, जोरात ओढ. तीन म्हणजे माणसं, हळू आण. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम, आणि वडिलांचं तेच चुकलं. हातातली घंटा गेली, फावडं आलं आणि गावभर नाव पडलं, तीनटोल्या. शाळेत पोरं बाईंना विचारायची, “काय गं, दोन झाल्यावर थांबायचं असतं, हे तुझ्या बाबांना कुणी सांगितलं नाही का?” बाई हट्टानं गणिताच्या शिक्षिका झाल्या. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना मोजायला शिकवलं. पण पाहुण्यांना घंटा दाखवताना त्या एक टोला द्यायच्या, दोन द्यायच्या, आणि तिसऱ्याच्या आधी घसा खाकरून पुढच्या कपाटाकडे वळायच्या.

“तुमच्या मामांना एक न्याय आणि माझ्या वडिलांना दुसरा, हे चालायचं नाही,” त्या चिटणिसांना म्हणाल्या. “द्या इकडे टाचण्या.”

पान त्यांनी डोळ्यांच्या उंचीवरच लावलं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. म्हातारा इंजिनवाला आला होता. वय अठ्ठ्याऐंशी. मंडळानं चार वर्षं बोलावूनही तो कधी फिरकला नव्हता, आज नातीनं जबरदस्तीनं आणून सोडला होता. तो आधी घंटेपाशी गेला. मग चष्मा सावरून त्यानं भिंतीवरचं पान वाचलं, ओठ हलवत, सावकाश.

“चूक?” तो म्हणाला. “चूक कसली डोंबलाची!”

“वडिलांनी स्वतःच कबूल केलं होतं, काका. मोजण्यात चुकलो म्हणाले.”

“म्हणाला ना. माझ्यासाठी म्हणाला.” तो बाकावर बसला. “पोरी, त्या दिवशी खाली छत कोसळलं होतं. तिघं गेले. त्यांना वर आणायची फेरी होती ती. आमच्याकडची रीत अशी, जिवंत असेल तर माणूस, मेला की माल. दोन टोले, जोरात ओढ. साहेबानं मला फोनवर तसंच बजावलं होतं. मी कान देऊन बसलो. एक वाजला. दोन वाजले. आणि तुझ्या बापानं तिसरा दिला.”

त्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली.

“मला काय ते कळलं. झोपलेलं लेकरू खांद्यावरून उतरवावं तसा मी पाळणा वर आणला. साहेब तणतणत आला. मुद्दाम केलं म्हटलं असतं, तर आम्ही दोघंही घरी बसलो असतो. तो म्हणाला, मोजण्यात चुकलो. मी टोले ऐकून चाललो, म्हणून सुटलो. आधी पोरं लहान म्हणून गप्प बसलो. मग लाज वाटली म्हणून गप्प बसलो.”

बाईंना रडू फुटलं. वडील शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते, आणि आपण आयुष्यभर त्यांच्या नावापासून पळत राहिलो, याचं वाईट वाटलं. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं.

“बाई,” चिटणीस हळूच म्हणाले, “आता तरी काढू ना ते पान?”

“हात लावून तर बघा!”

अकरा वाजले. दार उघडलं आणि पाहुणे आत आले. बाईंनी डोळे पुसले आणि घंटेची दोरी धरली. एक टोला दिला. दुसरा दिला. चिटणीस सवयीनं पुढच्या कपाटाकडे वळले.

बाईंनी तिसरा टोला दिला.

“तीन म्हणजे माणसं,” त्या पाहुण्यांना म्हणाल्या. “आणि मी तीनटोल्याची मुलगी.”