आठवड्यातनं तीनदा महाडला

खांद्यांवर नाचणारी शिमग्याची पालखी बघायला अनुपमानं मान वर केली आणि अंगण फिरायला लागलं. आधी तुळस सरकली, मग माणसं, मग ढोल. ओटीचा खांब धरायला तिनं हात पुढे केला. खांब होता तिथं नव्हता. ती डुलली, दोन पावलं वेडीवाकडी पडली आणि पालखीसमोर गुडघ्यांवर बसली.

"आली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "आई आली अंगात."

ढोल आणखी जोरात वाजायला लागला.

अनुपमाला ही चक्कर नवी नव्हती. दोन वर्षं झाली होती. दोरीवर कपडे घालताना यायची, झोपेत कूस बदलताना यायची, मागून कुणी हाक मारली म्हणून झटकन वळलं तरी यायची. पोलादपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. महाडच्या डॉक्टरांनी कान तपासले. शेवटी एकानं एक्स-रे बघून सांगितलं, "मानेमुळे असू शकेल. नक्की नाही सांगता येत. पण डोक्यावर ओझं घेणं बंद करा आणि दीड महिना फिजिओथेरपी घ्या."

तो कागद फडताळात पडून होता. पाणी विहिरीवरून चढावर आणायचं, ते डोक्यावरूनच. नवरा दीपेश महाडच्या एमआयडीसीत कामाला जायचा. माणूस वाईट नव्हता. "रक्ताचा रिपोर्ट तर नॉर्मल हाय," एवढंच म्हणायचा. तिला ताप नव्हता, कुठं जखम नव्हती. भिंत धरून चालणारी बाई घरच्यांना धांदरट वाटायची. मागच्या महिन्यात विहिरीच्या काठावर तिचा तोल गेला. ती थोडक्यात वाचली, हंडा आत गेला. घरी सगळे हंड्याबद्दल हळहळले.

पांडू गुरव पुढे आला. तिच्या कपाळाला कुंकू फासून त्यानं हात जोडले.

"आई, काय इच्छा हाय तुझी?"

"चक्कर..." अनुपमा कशीबशी म्हणाली.

"घराला चक्कर मारायची हाय," पांडूनं सगळ्यांना सांगितलं. पालखी वाजतगाजत घराला चक्कर मारून आली.

"पाणी," अनुपमा म्हणाली. तीन बाजूंनी तीन तांबे आले. कुणी घोंगडी अंथरली, कुणी पदरानं वारा घालायला लागलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या चक्करेची कुणी दखल घेतली होती.

तिनं डोळे किलकिले केले. समोर दीपेश हात जोडून उभा होता. तिचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून चक्क पुढे वाकला होता. चक्कर आता ओसरत आली होती. अनुपमानं तसं कुणाला कळू दिलं नाही. मान ताठ ठेवून ती कमरेतून डुलत राहिली.

"या बायच्या डोक्यावर ओझं नको," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"नाय देणार, आई," दीपेश म्हणाला.

"हिला महाडला न्या. आठवड्यातनं तीनदा. दीड महिना."

"कुठल्या देवळात, आई?" पांडूनं अदबीनं विचारलं.

"स्टँडच्या मागं. पहिला माळा. फिजिओथेरपी."

अंगणात कुजबुज सुरू झाली. एकेक करत सगळे साळूबाईकडे बघायला लागले. साळूबाई म्हणजे अनुपमाची सासू. तिच्या अंगात शिमग्याला वीस वर्षं देवी आली होती. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे आता तिनंच सांगायचं होतं.

साळूबाई जवळ आली. सुनेच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. अनुपमाला पुन्हा खरोखरच गरगरायला लागलं.

"आईच हाय," साळूबाई म्हणाली, आणि वाकून सुनेच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवसापासून दीपेश कामावर जाण्याआधी मोटारसायकलला दोन कॅन बांधून पाणी आणायला लागला. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो तिला मागं बसवून महाडला न्यायचा. खड्डा आला की आधीच सांगायचा, "मान सांभाळ." दीड महिन्यात चक्कर पुरती गेली नाही. पण रोज यायची ती आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी यायला लागली. अनुपमा भिंत सोडून चालायला लागली. मनाला मात्र टोचणी लागली होती. आपण देवीच्या नावावर खोटं बोललो, आणि म्हातारी सासू आपल्या पाया पडली.

वैशाखातल्या एका दुपारी ती ओटीवर भिंतीला पाठ लावून मानेचे व्यायाम करत होती. साळूबाई शेजारी सुपात वाल निवडत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आत्या," अनुपमा म्हणाली, "तवा माझ्या अंगात देवी नव्हती आली. चक्कर होती. पुढचं सगळं मीच बोलले."

साळूबाईनं सुपातला एक खडा शोधला, अंगणात फेकला. आणखी एक फेकला. मग सूप बाजूला ठेवून ती सरकत सुनेजवळ आली, भिंतीला पाठ लावून ताठ बसली, आणि सून करत होती तशीच हनुवटी हळूच आत ओढून बघितली.

"माझी वीस वर्षं उजवीकडची मान होती," ती म्हणाली. "तुझी कुठली गो?"