यादी ‘ब’, अनुक्रमांक सात

“कुत्रा कुटुंबीयांत बसत नाही, ताई,” कोर्टाचा कारकून खिडकीतून म्हणाला.

“आणि माझा नवरा?”

“ते बसतात.”

तिने ओठ घट्ट मिटले. ती शिलाईकाम करायची. ओठांत टाचण्या धरून गप्प राहायची सवय होती. संसारात तीच कामी आली.

संरक्षणाचा हुकूम तिला मिळाला होता. नवऱ्याने जवळ फिरकायचं नाही. तिचा नवा पत्ता त्याला कळू नये म्हणून लाखबंद पाकिटात. कुत्र्याचं, ढब्बूचं, मात्र त्यात काहीच नव्हतं. ती घर सोडायला निघाली की नवरा ढब्बूला लाथ घालायचा. दोनदा ती त्या लाथेपायी परत फिरली. तिसऱ्यांदा मोडक्या पायाच्या ढब्बूला कडेवर घेऊनच निघाली. आता नवऱ्याची नोटीस आली होती: कुत्र्याची पावती माझ्या नावावर आहे, माल परत करा.

“माल! मालाला दुखतं का हो?”

“कायद्यात तसा रकाना नाही. पण माल म्हणूनच वाचवू त्याला. यादी ‘ब’. यातल्या वस्तूंना नवऱ्याने हात लावायचा नाही. सहावा मिक्सर, सातवा तुमचा ढब्बू.”

“मिक्सरच्या खाली?”

“मिक्सरची वॉरंटी शिल्लक आहे.”

तिला हसावं की खिडकी फोडावी, कळेना.

“रंग?”

“तांबूस.”

“चालू स्थितीत?”

“तीन पायांवर.”

‘अंशतः नादुरुस्त,’ त्याने लिहिलं. “ठेवण्याचं ठिकाण?”

तिने मागेपुढे पाहिलं आणि खिडकीत वाकून हळूच सांगितलं. त्याने सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

दुपारी न्यायाधीशांची सही झाली. तिची प्रत मात्र शिक्क्यासाठी चार वाजेपर्यंत अडकली. हातात आली तेव्हा तिने सातवी ओळ दोनदा वाचली. ढब्बूला हात लावायचा नाही, असं पहिल्यांदाच कुणीतरी लिहून दिलं होतं. मिक्सरच्या खाली का होईना.

“निघते. खोलीवर एकटाच आहे तो.”

“निर्धास्त जा, ताई. हुकूम लागू झाला.”

“नवऱ्याला कधी कळेल?”

“कळलंय की! समोरच्याला प्रत दिल्याशिवाय हुकूम लागूच होत नाही. तासाभरापूर्वीच पलीकडच्या खिडकीवर सही करून घेऊन गेले. जरा घाईतच होते.”

“यादीसकट?”

“म्हणजे काय!” कारकुनाने चष्मा पुसला. “कुठल्या वस्तूला, कुठे जाऊन हात लावायचा नाही, हे त्यांना कळायला नको?”