केतकीचा ॲक्सेस

"नामंजूर," रणवीर स्क्रीनवरचं वाचून म्हणाला. "परत."

केतकीने मान वर केली नाही. डोळ्यांवर तळवे दाबून ती तशीच बसून राहिली.

"आता काय कारण दिलंय?" निवेदिताने विचारलं. ती त्यांची विभागप्रमुख.

"चाचणीच्या डेटात ग्राहकांचे फोन नंबर दिसतायत म्हणे. ते झाकून नव्याने विनंती करा."

निवेदिताने लॅपटॉप धाडकन मिटला. "आधी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मग माझी मान्यता, मग सर्व्हर भारतातच आहे ना याचा पुरावा. आता हे. या माणसाला द्यायचंच नाहीये."

कंपनी पाण्याचे पंप बनवायची. कारखाना बेंगळुरूबाहेर होसकोट्याला, आणि शहरात हेब्बाळच्या या ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम. विक्रीचे आणि तक्रारींचे सगळे आकडे ज्या ॲनालिटिक्स सॉफ्टवेअरमध्ये होते, त्यात आता एआय आलं होतं. साध्या भाषेत प्रश्न विचारला की आलेखासकट उत्तर समोर. ते कंपनीच्या स्वतःच्या स्क्रीनवर बसवायचं काम केतकीकडे होतं. ते झालं की ती टीम लीड होणार, हेही ठरलेलं. फक्त त्यासाठी त्या सॉफ्टवेअरला जोडून घ्यायची परवानगी, म्हणजे डेव्हलपर ॲक्सेस, हवा होता, आणि तो देणारा माणूस एकच: जे. पी. नगरच्या मुख्य ऑफिसातले गुरुराज.

"वर बोलले मी," निवेदिता म्हणाली. "सिक्युरिटीच्या बाबतीत गुरुराज म्हणतील तेच, असं उत्तर मिळालं. केतकी, तू समोर जाऊन भेट. रणवीर, तूही जा."

हेब्बाळहून जे. पी. नगर म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. कॅबमध्ये रणवीर बोलत होता. केतकी खिडकीला डोकं टेकवून बसली होती.

गुरुराज बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातले, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी दोघांना बसवलं, कॉफी मागवली आणि चष्मा पुसत राहिले.

"सर, बाकीच्या कंपन्या हे कधीच वापरायला लागल्या," रणवीर म्हणाला.

"वापरू देत की. आपल्याला गडबड काय? स्वल्प थांबा."

"अजून किती थांबायचं, सर?" केतकीने विचारलं.

गुरुराजांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते माझ्या एकट्याच्या हातात थोडंच आहे?"

केतकी उठली. कॉफी तशीच राहिली.

"खडूस म्हातारा," लिफ्टमध्ये रणवीर पुटपुटला. "आणि तू भांडत का नाहीस गं?"

"दमले रे," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिला होसकोट्याला जावं लागलं. कारखान्यातल्या रिपोर्ट विभागात चंदनाक्का आणि आणखी दोघी साहेबलोकांसाठी रोजचे तक्ते तयार करायच्या. कुठला आकडा कुठून येतो, ते केतकीला त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं होतं. नागपूरहून ती नवी आली तेव्हा तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. चंदनाक्कांनीच तिला खोली मिळवून दिली होती, आणि पहिले काही महिने डब्यात तिच्यासाठी जास्तीची पोळी आणली होती.

आज अक्कांनी चहाचंसुद्धा विचारलं नाही.

"तुझं ते सुरू झालं की आमचा विभाग बंद, असं निवेदिता मॅडम उन्हाळ्यातच सांगून गेल्या," त्या म्हणाल्या. "तोवर कंपनीत दुसरीकडे कुठे जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर घरी." त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. "कधी सुरू होतंय?"

"ॲक्सेसच मिळत नाहीये, अक्का."

"मिळेल. तू हुशार आहेस."

एवढं बोलून त्या स्क्रीनकडे वळल्या. केतकीने आकडे उतरवून घेतले आणि ती निघाली. परतीच्या बसमध्ये तिला झोप लागली, स्टॉप मागे पडला, आणि उलट चालत येताना तिला नुसतं रडू येत होतं.

पुढचे नकारही तसेच येत राहिले. प्रत्येक मीटिंगमध्ये रणवीर वाचून दाखवायचा आणि केतकी मान डोलवायची. दिवाळी झाल्यावर निवेदिताने तिला आत बोलावलं.

"पुढच्या महिन्यापासून रणवीर टीम लीड," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुला साधा एक ॲक्सेस आणता आला नाही, केतकी. वर मी काय सांगू?"

"बरोबर आहे, मॅडम."

"काहीतरी बोल तरी!"

केतकी मान हलवून बाहेर आली. ती जागेवर येऊन बसली. रणवीर ओशाळून तिच्याकडे बघत होता. "काँग्रॅट्स," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं.

जेवणाच्या सुट्टीत चंदनाक्कांचा फोन आला. आवाज अवघडलेला होता.

"सर्व्हिस विभागात घेतलं गं मला. आमच्यातल्या दोघींचं आधीच झालं होतं, मीच राहिले होते. तुला सांगावं की नाही, असं वाटत होतं. मागे मी नीट बोलले नाही तुझ्याशी."

"असू दे, अक्का. अभिनंदन."

"आता तुझंही होऊ दे लवकर."

फोन ठेवून केतकी जिन्यात गेली. तिथे कोणी नव्हतं. पायरीवर बसून तिने गुरुराजांचा नंबर लावला.

"सर, चंदनाक्कांचं झालं."

पलीकडून त्यांनी सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "मग मंजूर म्हणून कळवतो निवेदितांना."

"कळवा," केतकी म्हणाली. "फक्त ॲक्सेस मला तुम्ही उन्हाळ्यातच दिला होतात आणि पुढचे नकार मीच मागून घेतले, हे सांगू नका."