अर्धंच सांगितलं

शकुने पहिला क्रमांक धनुर्वाताला दिला आणि खाली दोनदा रेघ ओढली.

समोर बसलेल्या रतनने मान लांब करून पाहिलं. "मलेरिया घाल गं पहिला. सगळ्या मुली मलेरियाच घालतायत."

"सगळ्या घालतात म्हणून मी पण घालू?" शकु हळूच म्हणाली.

दोघी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. आपापल्या वस्तीत आधी कुठल्या आजाराकडे लक्ष द्यायला हवं, ते कारणांसह लिहून आणा, असं ट्यूटर सिस्टरनी बजावलं होतं. अंधेरीच्या त्या वाचनालयात सरकारी अहवालांचं एक कपाट होतं. अगदी ब्याऐंशी सालापर्यंतचे अहवाल, म्हणजे तसे ताजेच. पण त्यांना झुरळांशिवाय कोणी हात लावत नसे. शकुने ते कपाट सकाळपासून उपसलं होतं. गरोदर बाईला इंजेक्शन मिळालेलं नसतं, नाळ कापायचं पातं उकळलेलं नसतं, वर राख नाहीतर शेण दाबतात. मग आठवडाभरात बाळाचा जबडा आवळतो, ते दूध ओढायचं थांबतं. हे सगळं तिने वळणदार अक्षरात उतरवलं होतं. तिच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात अशी बाळं सटवाई नेत असे.

दाराशी गडबड झाली. ग्रंथपाल खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, टोपली बाहेर. आधी टोपली बाहेर ठेवा."

"टोपली नाय आणली. पोरगी हाय माझी आत."

टोपली खरंच नव्हती. काष्टा घातलेली कोळीण पाहिली की ग्रंथपालांना ती आपोआप दिसत असावी. सोनूबाई त्यांच्या अंगावरून सरळ आत आली आणि शकुच्या शेजारच्या खुर्चीवर कडेकडेने टेकली. ही शकुची मावशी, कोळीवाड्याची सुईण. शकुची नाळही तिनेच कापलेली.

"मावशी? तू इथं कशी?"

"जानकीचा पोरगा गेला गो. आज सकाळी."

शकुला पुढचं विचारायची गरज नव्हती. तरी तिने विचारलं, "दूध ओढत नव्हता?"

"परवापासनं. तोंड घट्ट मिटलेलं. मोठ्या हॉस्पिटलात नेला, पण नाय वाचला." सोनूबाईने पदराने गळा पुसला. "मी सगळं तू बोललीस तसंच केलं. नवं ब्लेड आणलं वाण्याकडनं, कागदासकट. खळखळ उकळलं. आता रुक्मिणीचे दिवस भरलेत. तिची सासू बोलवायला आली, तर माझं पाऊलच उचलेना. जाऊ का नको जाऊ? तुझ्या पुस्तकात बघ ना गो, माझं काय चुकलं ते."

मावशीला अक्षरओळख नव्हती. तरी शकुने उघड्या पानावर हात ठेवला.

ब्लेडचं तिने दिवाळीला सांगितलं होतं. मावशी खूश झाली होती, शेजारणीला म्हणाली होती, "बघा, आमची शकु आता मला शिकवते." तेव्हाच फळीवरचा राखेचा डबा शकुला दिसला होता. शेणीची राख, वस्त्रगाळ केलेली, मावशीच्या सासूने शिकवलेली. अर्ध्या कोळीवाड्याच्या नाळेवर तीच राख लागलेली. शकुच्या ओठावर आलं होतं, आणि तिने गिळलं. आज इतकं पुरे, मग कधीतरी सांगू. खरं तर कौतुक गोड लागत होतं, ते इतक्यात संपवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "ती राख लावायची नाही. नाळेला काहीच लावायचं नाही. तशीच सुकू द्यायची."

सोनूबाई तिच्याकडे बघत राहिली. "माझ्या सासूची राख?"

"कुठलीच नाही. त्यातूनच होतो हा आजार. आणि रुक्मिणीला आधी दवाखान्यात ने, मी येते बरोबर."

"हे तुला आज कळलं? ह्या पुस्तकात?"

हो म्हणणं सोपं होतं. पुस्तक समोर उघडंच होतं. रतन मान खाली घालून उगाच पेन्सिलीला टोक काढत होती.

"नाही. दिवाळीच्या आधीच शिकवलं होतं आम्हाला."

"म्हंजे ब्लेडचं बोललीस, तवा ठाऊक होतं."

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले गं." शकुचा आवाज चढला, आणि तिला रडू फुटलं. "कसं सांगणार होते मी तुला?"

ग्रंथपालांनी टेबलावर पट्टी आपटली. सोनूबाईने तिकडे पाहिलंही नाही. ती उठली, पदर खोचला. शकुच्या डोक्यावर ठेवायला तिने हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

"वाटलं असतं ना वाईट," ती म्हणाली. "रुसले असते मी. दोन दिस बोलले नसते तुझ्याशी. येवढंच ना गो?"