निळ्या स्वेटरची लुत्से

“रद्द म्हणजे रद्द,” बोटीची तिकिटं देणारा माणूस म्हणाला. “असल्या वाऱ्यात बोट सुटत नाही. आता नाताळ झाल्यावर या.” आणि खिडकी लावून तो घरी चालता झाला.

डॅनिका कपाळाला हात लावून धक्क्यावर उभी राहिली. लंडनच्या घरात तिच्याबरोबर राहणारी सगळी टोळी आत्ता ऑस्ट्रियात बर्फावरून घसरत असणार, आणि ही इथे, क्रोएशियातल्या एका बेटावर, बंद दुकानांसमोर. कशासाठी? तर डिडांच्या पुडक्यासाठी.

डिडा म्हणजे तिचे आजोबा, स्टीपे. तरुणपणी याच बेटावरून होडी वल्हवत इटलीला पळाले, आणि तिथून जे न्यूझीलंडला गेले ते परत म्हणून आले नाहीत. आता वय ब्याऐंशी, हृदय थकलेलं. डॅनिका नोकरीसाठी लंडनला निघाली तेव्हा त्यांनी दोऱ्याने करकचून बांधलेलं एक पुडकं तिच्या हातात ठेवलं होतं.

“गावात लुत्से आहे. माझी बहीण. तिला नेऊन दे. माझं एवढं एकच काम कर.”

“पोस्ट नावाची गोष्ट असते, डिडा.”

“हातात द्यायचं. दिलं की निघायचं. जेवायला बसू नकोस. आणि तिथून फोन तर मुळीच करू नकोस.”

भावाबहिणीचं काहीतरी जुनं भांडण असणार. म्हातारी माणसं अशी भांडणं लोणच्यासारखी मुरवत ठेवतात आणि बरणी उचलायला लावतात नातवंडांना.

फोन वाजला. आई. “दिलंस का? डिडा रोज माझं डोकं खातायत.”

“आणि तू माझं! देते गं बाई!” डॅनिकाने फोन बंद केला.

धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानाचा मालक दार ओढून घेत होता. तिने त्याला डिडांच्या बोलीत पत्ता विचारला, तर तो हसायलाच लागला.

“माझी आजी असं बोलायची! कुठे शिकलीस?”

“आजोबांकडे. लुत्से कुठे राहतात?”

“वरच्या गल्लीत. निळा स्वेटर दिसला की तीच. आमच्याकडे रंगीत म्हातारी एकच आहे.”

तो म्हणाला ते खरं होतं. चर्चसमोर जमलेल्या म्हाताऱ्या एकजात काळ्या कपड्यांत. इथे नवरा गेला की बाई जे काळं घालते ते मरेपर्यंत, हे डिडांनीच तिला सांगितलं होतं. लुत्सेने लग्नच केलं नसणार. सुटली म्हणायची, असं डॅनिकाच्या मनात आलं.

दार उघडलं ते निळ्या स्वेटरनेच. बाई काटक, केस पांढरेशुभ्र.

“मला स्टीपेंनी पाठवलंय,” डॅनिका म्हणाली.

लुत्सेने चौकट धरली. “तू त्याची कोण?”

“नात.”

“नात,” लुत्से म्हणाली. तिने डॅनिकाचं तोंड निरखलं. “हनुवटी त्याचीच आहे. ये आत, वारा लागतोय.”

“मी फक्त हे द्यायला आले होते. जेवणार नाहीये हं मी.”

“बोट नाही. जेवणार नाहीस तर काय करणार आहेस? बस खाली.”

डॅनिकाने हात टेकले. सुकवलेल्या माशाचा बटाटे घातलेला रस्सा चुलीवर रटरटत होता, आणि सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. टेबलावर लुत्सेने तीन ताटल्या मांडल्या.

“अजून कोण येणार आहे?”

“ती ताटली उशीर झालेल्याची,” लुत्से म्हणाली आणि तिसऱ्या ताटलीजवळ ब्रेडचा तुकडा ठेवला. नाताळच्या आदल्या संध्याकाळची इथली रीत असेल, असं समजून डॅनिका मुकाट जेवली. पुडक्याची आठवण दोघींना जेवण झाल्यावरच आली.

लुत्सेने गाठ सोडली. आत लोकरीची शाल होती. काळीकुट्ट.

लुत्सेचा चेहरा एकदम उतरला. तिने शाल डोळ्यांना लावली. “गेला? कधी?”

“अहो नाही!” डॅनिकाला डिडांचा असा राग आला की बस्स. नाताळची भेट म्हणून काळी शाल! दुकानात दुसरा रंग नव्हता? “ठणठणीत आहेत ते! म्हणजे हृदय जरा कुरकुरतंय, पण आहेत! थांबा, दाखवतेच तुम्हाला.”

फोन करू नको म्हणाले होते. म्हणू देत. या बाईला असं रडवून तिला झोप लागली नसती. आणि साठ वर्षांनी भावाबहिणीची तोंडं एकमेकांना दिसली, तर हा फुकट गेलेला नाताळ निदान कारणी तरी लागला असता.

तिकडे न्यूझीलंडमध्ये नाताळची सकाळ उजाडली होती. पडद्यावर आधी क्रीमने माखलेला हात आला, मग बेव्हर्ली आजी.

“मेरी ख्रिसमस, माझ्या राणी! मी केकला क्रीम लावतेय बघ. स्टीपे! ए म्हाताऱ्या, ऊठ! नातीचा फोन!”

डिडा जांभई देत आले. आजीने त्यांच्या नाकाला क्रीमचं बोट लावलं आणि खळखळून हसली.

“डिडा, बघा इथे कोण आहे!” डॅनिकाने फोन लुत्सेसमोर धरला. “काळी शाल बघून तुम्ही गेलातच असं वाटलं यांना. आता तरी बोला बहिणीशी!”

डिडांनी नाकावरचं क्रीमही पुसलं नाही.

“ही का ती तुझी लुत्से?” आजी पुढे वाकली आणि जोरजोरात हात हलवू लागली. “हॅलो, लुत्से! तब्येत काय म्हणते?”

लुत्सेने पडद्याकडे नीट पाहून घेतलं. मग शालीची घडी केली, पुडकं पुन्हा दोऱ्याने बांधलं आणि डॅनिकाच्या मांडीवर ठेवलं.

“ही परत ने, पोरी,” ती म्हणाली. “नवरा जिवंत असताना मी काळं घालणार नाही.”