नंतर बघू

चंद्रावरच्या तळावर ऑक्सिजनचा फिल्टर बदलायची सूचना नवव्यांदा झळकली. श्रीरंगने हातातले पत्ते न ठेवताच नवव्यांदा ‘नंतर बघू’ दाबलं. लगेच कुडाळहून थोरल्या बहिणीचा, माईताईचा फोन आला.

“नऊ वेळा टाळलंस म्हणून तुझ्या कॉम्प्युटरने मला कळवलंय. त्याचं नाही, निदान माझं तरी ऐकशील?”

श्रीरंग पत्ते ठेवून उठला. फिल्टर पार काळाकुट्ट झाला होता. तो बदलून परत येतो तर पडद्यावर माईताईच्या घरच्या कॉम्प्युटरची सूचना होती : ‘माईताईंनी रक्तदाबाची गोळी चार दिवस टाळली आहे. त्या फक्त तुमचं ऐकतात.’

श्रीरंगने हसत फोन लावला.

“ताई, पाणी घेऊन ये. मी फोन ठेवत नाही.”